गंगेत सोडलेल्या गोळ्या

मी एक जुना अडकित्ता आहे, नाशिकच्या पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींच्या घरातला. मित्रांनो, माझी मूठ पितळेची, पातं पोलादाचं. घरी उतरणाऱ्या यात्रेकरूंना मीच सुपारी कातरून देई. "काय धार आहे!" म्हणत लोक. पुढे कातरलेली सुपारी पुड्यांत मिळू लागली आणि मी फडताळात गंजत पडलो. काम सरलं, मग मला विचारतो कोण!

मला बाहेर काढलं ते घरच्या सुनेनं, स्वानंदीनं. बाळंतपणानंतर तिचं मन पार खचलं होतं. लेकराला जवळ घेणंही नकोसं वाटायचं. डॉक्टरांच्या गोळीनं ती सावरली. मग डॉक्टर म्हणाले, "आता गोळी उतरवू, पण हळूहळू. एकदम बंद करायची नाही." जूनपासून तिला पुन्हा शाळेत शिकवायला जायचं होतं, जागा राखून ठेवली होती. मला घासूनपुसून ती रोज गोळी रेघेवर अर्धी करू लागली. एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

सासूबाईंना, माईंना, ते खुपत होतं. त्यांचा शिरस्ताच होता, प्रत्येक यात्रेकरूला रामकुंडावर गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, काहीतरी कायमचं सोडायला लावायचं. कुणी वांगं सोडी, कुणी तंबाखू. एका सकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "बरी झालीस ना? मग सोड त्या गोळ्या गंगेत. पुण्य लागेल."

"आई, डॉक्टर हळूहळू म्हणालेत."

"त्यांना काय, दुकान चालवायचंय!"

नवरा देवव्रत शेजारीच चहा पीत होता. मेल्यानं हूं की चूं केलं नाही. पाकिटं गंगेत गेली, मी फडताळात.

आठवडाभरात तिला गरगरू लागलं, डोक्यात विजेचे झटके बसू लागले. झोप उडाली, रडू आवरेना. माई शेजारणीला सांगत, "मुळातच नाजूक पोरगी." नाजूक कसली डोंबलाची! शेवटी तिनंच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गोळी एकदम तोडल्याचा त्रास आहे हा. पुन्हा सुरू करू आणि सावकाश उतरवू." तोवर जून लागला होता, ती रुजू होऊ शकली नाही आणि शाळेतली जागा दुसरीला गेली.

एका दुपारी जेवण झाल्यावर माईंनी हाक मारली, "स्वानंदी, माझी बीपीची गोळी आण गं."

तिनं आणली. हातावर ठेवत म्हणाली, "ही कधी सोडायची, आई? गंगा तर इथेच आहे."

माईंनी पाण्याचा पेला ओढला. गोळी गिळली.

मित्रांनो, मी आता पुन्हा स्वानंदीच्या उशाशी असतो. माझं एवढंच मागणं आहे. ज्याची गोळी त्याला त्याच्या डॉक्टरांना विचारून, सावकाश उतरवू द्या. तुम्हाला पुण्य हवं असेल, तर तुमचं वांगं सोडा.