गवारगमाची गुठळी

सुलेखाच्या जेलमुळं नवरीच्या डोक्यात लिखा निघाल्या, ही बातमी औरंगपुऱ्यातून पार कन्नड गावापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. खोटी होती हो, पण बातमीला खरं-खोटं थोडंच कळतं.

झालं होतं असं. औरंगपुऱ्यात पार्लर चालवणारी करुणा ही सुलेखाची शाळेपासूनची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या भाचीचं, सायलीचं, लग्न निघालं. सुलेखा बजाजनगरात घरच्या घरी केसांना लावायचं कोरफडीचं जेल करायची. तिनं हौसेनं बाटली भरून दिली, करुणानं ते चापूनचोपून लावलं आणि सायलीचा झकास अंबाडा घातला. ओलं होतं तोवर केस नुसते लकाकत होते. मांडवात पंख्याखाली जेल वाळलं आणि केसाकेसाला बारीक पांढरे दाणे दिसायला लागले. वरपक्षाची चतुराबाई म्हणजे एरवी सुईत दोरा ओवता येत नाही, पण दुसऱ्याचं उणं कोसावरून दिसतं. तिनं शेजारणीच्या कानात काय ते सांगितलं. पुढची कुजबुज मांडवभर झाली, आणि सायली स्टेजवरच रडली.

त्या संध्याकाळी करुणा सुलेखाला एवढंच म्हणाली, "तू दिलं म्हणून मी तपासलं नाय." त्यानंतर तिनं फोन उचलणं सोडलं.

सुलेखाला हे लई लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं, असं तिला वाटलं. करुणा गेली तर तिला मनातलं बोलायला दुसरं होतं तरी कोण? पण बाई मुळात चौकस. रडता रडता तिच्या डोक्यात किडा वळवळलाच: दाणे आले कुठून?

तिनं उरलेली बाटली खिडकीच्या उन्हात धरली. नीट निरखलं तेव्हा भिजल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे दिसले. ओल्यात ओले मिसळून गेले होते, म्हणून कुणाला दिसले नव्हते. तिनं एक गोळा चिमटीत धरून नखानं फोडला. आत पांढरी भुकटी! जेल दाट व्हावं म्हणून ती गवारगम घालायची, म्हणजे आपल्या भाजीच्या गवारीच्या बियांची पूड. इतके दिवस पाण्यात राहूनही ती पूड आतून कोरडी ठणठणीत होती. सुलेखा रडायचं विसरून गेली.

गुठळी म्हटल्यावर घरात एकच तज्ज्ञ, सासूबाई गीताबाई. त्यांच्या पिठल्यात उभ्या जन्मात गुठळी सापडायची नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की पूड थेट पाण्यात भुरभुरवतात व्हय, बेसनासारखी आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यावी. सुलेखाला हे एकदम पटलं. तिनं वाटीत पूड घेतली, वर चमचाभर पाणी घातलं. क्षणात त्याचा असा लगदा झाला, की गीताबाईंनी चमचा उचलला तर वाटीही सोबत वर आली.

"ही गवार नाय," गीताबाई म्हणाल्या, "घोरपड हाय."

मग सुलेखानं मिक्सर लावला. फेसच फेस झाला, आणि फेस बसल्यावर खाली गुठळ्या होत्याच, फक्त बारीक. पातळ फडक्यातून गाळलं तर गम फडक्यात राहिला आणि खाली निव्वळ पाणी आलं. नवरा बुद्धभूषण वाळूजहून ड्यूटी करून आला, त्यानं पातेल्यात डोकावून कढी का, असं विचारलं. बायकोचा चेहरा बघून तो गुमान हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मांडामांड केली. केस मऊ राहावेत म्हणून जेलमध्ये ग्लिसरीन पडायचंच. ते मोजलेला चमचा धुवायचा कंटाळा केला आणि तसाच गमच्या डब्यात घातला. पूड चमच्याला थापली गेली. वैतागून तिनं तो नळाखाली धरला, आणि थबकली. पूड गोळा न होता गुळगुळीत सुटत होती. बोटांत चोळून बघितली तर कणही लागेना.

सुलेखा ओल्या हातानं ओट्यापाशी विचार करत उभी राहिली. बेसनाला धीर असतो, गवारीला नाही. पाणी दिसलं की वरचे कण झडप घालून फुगतात आणि आतल्यांची वाट अडवतात. वस्तीत टँकर आल्यावर होतं तसंच, पुढच्यांची झुंबड आणि मागच्यांचे हंडे कोरडे. ग्लिसरीन मात्र या पुडीला पिता येत नाही. ते नुसतं कणाकणांच्या मध्ये जाऊन बसतं, आणि मग पाणी आलं की ज्याला त्याला वेगळं मिळतं.

तिनं गम आधी ग्लिसरीनमध्ये सैलसर कालवला, मग पाण्यात धार धरून रवीनं हळूहळू घुसळलं आणि झाकून ठेवलं. जेल काचेसारखं नितळ झालं. पण ओल्यावर भरवसा ठेवून एकदा तोंडघशी पडली होती ती. म्हणून तिनं ते आपल्याच केसांना भरपूर चोपडलं, पंख्याखाली खडखडीत वाळवलं, आणि बाटली घेऊन औरंगपुरा गाठला.

करुणानं या-बस काही म्हटलं नाही. सुलेखाही मुकाट्यानं खुर्चीत बसली आणि केस सोडले. करुणानं तिच्या गळ्याभोवती काळं कापड बांधलं आणि कपाटातून फणी काढली, लिखा काढायची, दाट दातांची. तिनं बट न् बट विंचरली. प्रत्येक वेळी फणी काळ्या कापडावर झटकून वाकून पाहिली. शेवटी कापडावर एकच पांढरी गोष्ट पडली. तो सुलेखाचा पिकलेला केस होता.

"कसं केलं?" करुणानं विचारलं.

सुलेखानं चमच्यापासून टँकरपर्यंत सगळं सांगितलं. मग करुणानं कापड सोडलं, सुलेखाला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसली. सुलेखानं बाटली पुढं केली, म्हणाली, की आधी उजेडात धरून नीट तपासून घे.

करुणानं बाटलीकडं बघितलंसुद्धा नाही. केसांची पिन काढत म्हणाली, "तू दिलं ना? मग लाव."