नऊ सेंटीमीटरचा उतार

सहा दुकानांपुढे लाल खूण करताना तिचा हात अडखळला नव्हता. पाण्याची नळी एका टोकाला दाराशी धरायची, दुसऱ्या टोकाला मागच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे उभ्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वजाबाकी करायची. शाळेतल्या पोराला जमेल असं काम. सहाही दुकानांची जमीन मागच्या कोपऱ्याकडे नऊ सेंटीमीटर खाली होती; एकात साडेआठ, एकात सव्वानऊ. मागे गटाराची गल्ली. म्हणजे पाया खचतो आहे, म्हणजे इमारत धोक्याची. माणूस खोटं बोलेल, पाणी बोलत नाही.

कॉलेजने जुन्या बाजारपेठेची नोंद करायला निरनिराळ्या शाखांची मुलं तिघातिघांच्या गटांत बांधली होती. ती स्थापत्याची, शेवटच्या वर्षाची. गटातली बाकीची दोघं तिला ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे गवंड्याचं दोरीला टांगलेलं वजन, भिंत उभी आहे की कललेली ते सांगणारं. आणि ती तशीच होती, सरळ, जड आणि गप्प. इतिहासाच्या मुलाचं नाव पडलं होतं बखर, कारण चहा किती वाजता विचारलं तरी तो दोनशे वर्षं मागून सुरुवात करी. तिसरी रसायनाची. ती कुठल्याही दुकानात शिरली की नमस्काराआधी वास घेई, म्हणून ती नाकवाली.

सोमवारी यादी नगरपालिकेत जायची होती. लाल खुणेची दुकानं पंधरा दिवसांत रिकामी करायची, दुरुस्ती होईपर्यंत. आणि एकदा रिकामं झालेलं दुकान पुन्हा भरलेलं या बाजाराने अजून पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिघं बटणांच्या दुकानात गेली ती अहवालासाठी फोटो काढायला. हे दुकान दोन जावांचं. थोरली गल्ल्याच्या बाजूला बसे, धाकटी दाराशी, आणि मधून दोघींचं बोलणं गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून ये-जा करी. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांची कपाटं होती. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा एक नमुना दोऱ्याने टाचलेला. अशी बाराशे तोंडं, बाराशे डोळे रोखून बघितल्यासारखी.

"ही बघा आली लाल शाईवाली," थोरली म्हणाली. "काय गं, लाल म्हणजे नापासच ना?"

"जाऊबाई, पास कधी झाला होतात तुम्ही?" दाराकडून धाकटी.

"तू गप्प बस. मुलीशी बोलते आहे."

ओळंबाने खाली बघतच सांगितलं. "काकू, जमीन खचली आहे. मागच्या बाजूला नऊ सेंटीमीटर."

"खचली? कधी?"

"एकदम नाही. हळूहळू."

तेवढ्यात एका शिंपिणीने हातातलं नमुन्याचं बटण खाली पाडलं. ते कडेवर उभं राहिलं, फरशीवरून सावकाश निघालं, गल्ल्याला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात गेलं आणि टण् करून थांबलं. दुकानात कुणीही वाकलं नाही. शिंपीण तेवढी वाकली, ती नवी होती.

"राहू द्या हो, ते घरी गेलं," थोरली तिला म्हणाली आणि पुन्हा ओळंबाकडे वळली. "हे बघ. मी या घरात आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, पडलेलं बटण शोधायचं नाही, शनिवारी कोपरा झाडायचा. तेव्हाही ते एवढ्याच वेळात जायचं. जमीन हळूहळू खचत असती तर आता ते पळत सुटायला नको का?"

हा प्रश्न ओळंबाला परीक्षेत आला असता तर तिने पानभर उत्तर लिहिलं असतं. इथे तिने दारापासून कोपऱ्यापर्यंतची फरशी पुन्हा नजरेने मापली.

"ज्याला फरशी झाडायची असते त्यालाच फरशी कळते," धाकटी म्हणाली. "आणि शनिवारी झाडते मी, जाऊबाई नाहीत."

ओळंबा दारापाशी गेली. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. दोन्ही फळ्या चौकटीला अलगद भिडल्या. खचलेल्या घरातलं दार असं लागत नाही, ते कुठेतरी घासतं, अडतं. हे तिला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मग ती जमिनीवर आडवी झाली आणि गाल फरशीला लावून कपाटाच्या खाली बघू लागली.

"काय गं, काही पडलं का?" थोरलीने विचारलं.

"पाय बघते आहे."

कपाटाला अकरा पाय होते. दाराजवळचा पाय दोन बोटं उंच, त्यापुढचा थोडा जास्त, आणि असं करत करत मागचा पाय जवळजवळ सहा बोटं. खाली फरशीचे सांधे केसाइतके बारीक आणि बंद. तिने नळी पुन्हा भरली आणि या वेळी कपाटाच्या वरच्या कडेशी धरली. दोन्हीकडे पाणी एकाच रेघेवर उभं राहिलं. तिने पुन्हा वाचलं, कारण पहिल्या वाचनावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. तीच रेघ.

"काकू, कपाट कुणी केलं?"

"यांच्या आजोबांनी करवून घेतलं. बटणांचं दुकान घातलं तेव्हा. नव्वद वर्षं झाली असतील."

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी सुताराने उतार बघून पाय कापले होते, आणि नव्वद वर्षांत काहीच हललं नव्हतं. सहाही दुकानांत आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हा ओळंबाला वाटलं होतं, पुरावा पक्का झाला. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पाया इतक्या शिस्तीत कधी खचतो का? पण कपाट सरळ आहे म्हणून इमारत सरळ, हेही म्हणता येत नव्हतं. लाल खूण खोडली आणि उद्या भिंत कोसळली, तर खाली या दोघी असतील.

तिच्या वहीत एका रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: भिंतीचा कल, पाहता आला नाही. नाव ओळंबा, आणि ओळंबाच सोडला नव्हता.

"मला भिंत बघायची आहे," ती म्हणाली. "खणांच्या मागची. एक उभी रांग काढावी लागेल. आणि मागची फळी."

थोरलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. खणांची जागा तिच्या हाताला पाठ होती. डोळे मिटून ती कोटाचं शिंगाचं बटण काढून देई. "काढ," ती शेवटी म्हणाली. "पण कुठला खण कुठे होता ते लिहून ठेव. एक जरी इकडचा तिकडे गेला, तर मी शिंप्याला बंडीला लावायला कोटाची बटणं देईन."

चौतीस खण जमिनीवर ओळीने मांडले गेले. फळीचे चार खिळे बखरने काढले, काढताना खिळा हाताने घडवलेला आहे हे तो सांगणारच होता, पण ओळंबाचा चेहरा बघून पुढच्या खिळ्याकडे वळला. तिने दोर वरच्या तुळईला बांधला आणि वजन सोडलं. ते डोललं, डोललं, आणि थांबलं. वर दोर भिंतीपासून दहा सेंटीमीटर. खाली नऊ सेंटीमीटर, सहा मिलिमीटर. तीन मीटर उंचीत चार मिलिमीटर. कॉलेजच्या नव्या इमारतीत तिने याहून वाकड्या भिंती मोजल्या होत्या.

"भिंत उभी आहे," ती म्हणाली.

"ती कधी बसली होती?" धाकटीने विचारलं.

मग जमिनीला उतार का, हे उरलं. उत्तर नाकवालीला मिळालं, तेही कोपऱ्यात पोतं बाजूला केल्यावर. तिथे दगडी झाकण होतं, त्याला एक भोक. जावांच्या मते ती जुनी मोरी. तिघांनी झाकण पहारीने उचललं. खाली हातभर खोल गोल दगडी खड्डा आणि त्यात बटणं, शिंपल्याची, पितळेची, लाकडी, नव्वद वर्षांची. नाकवालीने कोपरापर्यंत हात घातला. बोटांना तळाचा काळा चिकट थर लागला, तो तिने हुंगला.

"तेल," ती म्हणाली. "जुनं. पण डांबरही असू शकेल, थांबा."

तिने तो थर खरवडून आपल्या पिशवीतल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घातला आणि दुकानाच्या चहाच्या स्टोव्हवर काचेच्या चंचुपात्रात उकळत ठेवला. तेल असेल तर साबण होईल, डांबर असेल तर नाही. दोघी जावा कामधंदा सोडून बघत राहिल्या. पात्र गार झाल्यावर तिने थोडा द्रव बाटलीत घेतला, पाणी घातलं, बूच लावून हलवलं. बाटली फेसाने गळ्यापर्यंत भरली.

बखर खाकरला. "या रांगेला जुन्या नकाशात तेलाची ओळ म्हटलं आहे. तेलाचे चामडी बुधले ठेवायची कोठारं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"कधी?" ओळंबाने विचारलं.

"तू नळीतले बुडबुडे काढत होतीस तेव्हा."

"त्या दिवशी तू अठ्ठावीस गोष्टी सांगितल्यास."

"ही एकोणिसावी होती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ओळंबा खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली. बुधला फुटला तर तेल वाहत इथे यावं, आणि भरून घेता यावं, म्हणून कुणा गवंड्याने सहा कोठारांच्या जमिनी एकाच मापाने तिरक्या घातल्या होत्या. सहांत मिळून पाऊण सेंटीमीटरचा फरक. त्याच्याकडेही पाण्याची नळीच असेल, कदाचित तीही नसेल, नुसतं पाणी ओतून बघितलं असेल. त्याचं काम दोनशे वर्षांनी ती मोजायला आली आणि त्याच्या नेमक्या कौशल्यावर तिने लाल शाई ओतली. तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

तिने तिथूनच कॉलेजच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, सहा दुकानांच्या माझ्या खुणा चुकल्या."

"किती दुकानांच्या भिंती पाहिल्यास?"

"एकाच्या."

"मग एक चुकली. पाचांचं तुला माहीत नाही," सर म्हणाले. "यादी सोमवारी अकराला जाईल."

शनिवार आणि रविवार ओळीतल्या उरलेल्या पाच दुकानांत गेले. छत्रीवाल्याने छत्र्या उतरवल्या, दोरवाल्याने दोराची वेटोळी रस्त्यावर रचली, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारलंच की लाल खुणेची परीक्षा पुन्हा द्यायला फी किती. पाचही भिंती उभ्या निघाल्या. सोमवारी नऊ वाजता सर स्वतः आले. त्यांनी बटणांच्या दुकानात आपल्या हाताने ओळंबा सोडला, मग उघड्या जागेतून टॉर्च वर मारला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे पाहिलंस?"

"हो सर. तुळईचं टोक ओलं आहे. टोचणी अर्ध्या इंचापर्यंत जाते. छताचं पाणी झिरपतं आहे. खाली खांबाचा टेकू द्यायला हवा. मी पिवळी खूण केली आहे. दुकान रिकामं करायला नको."

सरांनी तिची वही घेतली. जुनी नोंद तिने खोडली नव्हती. तिच्याखाली काय चुकलं आणि कसं कळलं ते लिहिलं होतं, आणि मग नाव: बटणांच्या दुकानातल्या थोरल्या काकूंचं निरीक्षण. त्यांनी सही केली आणि वही परत देताना एवढंच म्हणाले, "हे पान तसंच ठेव. पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवू."

"म्हणजे सगळ्या ओळीत हिरवी, आणि पिवळी माझ्याच दुकानाला?" थोरली म्हणाली.

"उघडलं म्हणून सापडलं, काकू."

"बघा जाऊबाई, काठावर पास," धाकटी म्हणाली.

खण लावायला दुपार झाली. ओळंबा यादी वाचत होती, बखर खण देत होता, नाकवाली ते सरकवत होती, आणि थोरली डोळे मिटून प्रत्येकावर बोट फिरवून हूं म्हणत होती. चौतिसावा खण आत जाताना वरचं एक बटण निसटलं. शिंपल्याचं, पांढरं. ते कडेवर उभं राहिलं आणि निघालं.

या वेळी कुणीच वाकलं नाही. ओळंबाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि टण् ऐकू येईपर्यंत सेकंद मोजले. मग वहीत, पिवळ्या खुणेच्या खाली, तिने तो आकडा तारखेसकट लिहून ठेवला.