वासंतीची जीभ

“जीभ सोडा काकू, जीभ!” गाण्याच्या बाईंचा हा आक्रोश कोपर स्टेशन ओलांडून खाडीपर्यंत गेला असणार, तिथले बगळे तरी नक्की उडाले. तंबोऱ्याच्या त्या संथ, मधाळ धुक्यात माझी पत्नी वासंती बसली होती, पाठ ताठ, तोंड उघडे, आणि आत जीभ मात्र पाहुणे आल्यावर माजघरात पळालेल्या नवरीसारखी घशाशी दडलेली.

दोष तिचा नव्हता. निवृत्तीपर्यंत ती कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवी, आणि उच्चारांना इतकी कडक की तिच्या वर्गाबाहेरचा कावळासुद्धा शुद्ध ओरडे. साऱ्या गावाची मुळाक्षरे त्या जिभेने अशी ताठ उभी केली की स्वतः आडवे होणे ती विसरली. नुसता ‘आ’ म्हटला तरी पुढच्या व्यंजनासाठी ही सज्ज, छडी उगारल्यासारखी.

बाईंनी उपाय सांगितला : जिभेचे टोक रुमालात धरून बाहेर ठेवायचे आणि मोकळा ‘आ’कार लावायचा. धरणार कोण? अस्मादिक. रोज संध्याकाळी समोरच्या इमारतीवर ऊन केशरी होत जाताना मी ते टोक धरून बसे. खोटे सांगत नाही, खाडीतली बुळबुळीत निवटी मासळी चिखलात मुठीत धरणे सोपे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहे, आणि उभा जन्म बडबडीवर काढलेला मी दुसऱ्या हाताने ते पुसत राही.

क्लासच्या वार्षिक मैफलीत तिला एकटीने चार ओळी गायच्या होत्या. आयुष्यात एकदाच, एवढेच तिचे मागणे. त्या दिवशी सूर घशाशी आला, दार बंद पाहून परतला. पुढे बाईंनी तिला हळूच समूहगानात बसवले. शेवटच्या रांगेत. तेव्हापासून संध्याकाळी आम्ही नुसतेच बसू लागलो.

मग थंडीतली एक सकाळ. स्वयंपाकघरातून कोवळ्या उन्हाबरोबर एक ‘आ’कार आला, रुंद, निर्धास्त, भरतीच्या पाण्यासारखा पसरत गेलेला. मी दाराशी थिजलो. श्वास इतका रोखला की यमदूत चौकशी करून गेला असावा. जे आपण जन्मभर घट्ट धरू पाहतो ते आपली पकड सुटल्यावरच येते, आणि आपण वळून पाहीपर्यंत त्याची आठवण झालेली असते.

सूर थांबला. आत्ता जीभ कुठे होती गं, मी हलकेच विचारले; पुन्हा एकदा लाव ना.

“मी कुठे गात होते?” गॅस बारीक करत ती म्हणाली. “दूध बघत होते.”