देग, चांद आणि पुनाजीची साक्ष

सिंदीच्या पिंजारी मोहल्ल्यातली देग ज्याने पाहिली नाही, त्याने तांब्याचं भांडं पाहिलंच नाही म्हणायचं. एकदा तिला कलई करायला कलईवाला सकाळी आत उतरला, तो दाढी वाढवूनच बाहेर आला. दुसऱ्यांदा तिच्यात बकरी शिरली, बकरीला शोधायला मालक शिरला, आणि दोघांची आत गाठ पडेपर्यंत बकरी व्याली होती. आता यात थोडं कमीजास्त असेल. बकरी कदाचित आधीच गाभण असेल.

देग जमातीची होती, पण मागणाऱ्याची जात तिने कधी विचारली नाही. साखरपुड्याचं साक्षगंध असो, तेरवी असो, नाही तर रजब महिन्याच्या सहाव्या चांदाला, म्हणजे चांद दिसल्यापासून सहाव्या दिवशी, ख्वाजाच्या नावाने जेवण घालायची छटीची नियाज असो, न्या, शिजवा, घासून परत आणा, एवढाच तिचा कायदा. देग कुठे गेली, कोणाकडून येणार, पुढे कोणाला द्यायची, हे सगळं कमरुद्दीन चाचांच्या टोपीखाली असे. अलीकडे मात्र टोपी तीच राहिली आणि खालचं जरा गळायला लागलं. मागच्या उन्हाळ्यात चाचांनी एकच देग एकाच दिवशी दोघांना कबूल केली आणि वर दोघांनाच झापलं, "एकाच दिवशी लग्न काढता काऊन बे?"

तेव्हा जब्बारभाई गादीवाल्याच्या नुजहतने ठरवलं की देगेचं अ‍ॅप करायचं.

नुजहत रोज सिंदीहून गाडीने वर्ध्याला आणि तिथून ऑटोने बोरगाव मेघेच्या कॉलेजात जाई. माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीचं तिसरं वर्ष. कॉलेज तसं इतरांसारखंच, पण इथे डेटाबेस आणि अमानत एकाच तासाला शिकवत. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती ठेवलेली चीज, मग ती वस्तू असो, शब्द असो की माहिती. फरहत मॅडम फळ्यावर तक्ते काढता काढता मधेच वळून विचारत, "कुलूप भक्कम केलंत. आणि किल्लीवालाच लुच्चा निघाला तर?" पोरं आपसात म्हणत, दुसऱ्या कॉलेजात प्रोग्राम चुकला तर नुसती एरर येते, आपल्याकडे वरून गुनाहही लागतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मॅडमचा एक नियम होता आणि त्याला सगळे टरकून असत. प्रोग्राम ज्यांच्यासाठी केला त्यांच्यातला एक माणूस, घरचा नाही, जमातीचा नाही, परीक्षकांसमोर उभा राहून सांगणार की याने माझं काम झालं की नाही. साक्षीशिवाय प्रकल्प पास नाही, प्रकल्पाशिवाय पदवी नाही. पुढची संधी थेट वर्षाने.

चाचांनी एक महिना देग अ‍ॅपच्या हवाली केली, पण अट घालून. "पास झाली तर देग घाल तुझ्या मोबाईलात. नापास झाली तर पुन्हा देगेचं नाव काढजो नको. बेटा, मोबाईल में देग नहीं समाती."

"मावते का नाई ते बघाच, चाचा," नुजहत म्हणाली. जब्बारभाईंनी गादीला टाका घालता घालता मान खालीच ठेवली. पोरीने असा आवाज लावला की टाका मोजून घालावा, हे त्यांना ठाऊक होतं.

साक्षीदार मिळाला तोही कोण, तर पुनाजी उईके.

पुनाजी म्हणजे रेल्वेफाटकापलीकडे राहणारा, जंगलातून डिंक-चारोळी आणून विकणारा म्हातारा. त्याच्यासारखा गप्पाड्या सगळ्या सेलू तालुक्यात नव्हता. त्याने एकदा वाघाला बिडी पेटवून दिली होती. एकदा थंडी इतकी पडली होती की त्याच्या तोंडून निघालेली शिवी गोठून पडली आणि उन्हाळ्यात वितळून भलत्याच माणसाला लागली. त्याच्या नातीचं, रक्षाचं साक्षगंध डिसेंबरातल्या एका शनिवारी ठरलं. देगेसाठी अ‍ॅपवर नाव घालणारा पहिला माणूस तोच. नुजहतनेच त्याचा अंगठा धरून बटण दाबायला शिकवलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली, "शनिवार, देग तुमची."

"आता हे फिरन नाई ना, पोरी?"

"आबा, हे माणूस नाई फिरायले. हे मशीन आहे."

हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं.

शनिवारी सकाळी पुनाजी बैलगाडी घेऊन मोहल्ल्यात आला, तर देग चुलीवर चढलेली, खाली लाकडं पेटलेली, आत छटीच्या नियाजीचा जर्दा, म्हणजे गोड भात, रटरटत असलेला. अर्धा मोहल्ला भोवती.

"हे कोनाच्या साक्षगंधाचं आहे?" पुनाजीने विचारलं.

"ख्वाजाच्या छटीचं," चाचा म्हणाले. "आज सहावा चांद आहे, पुनाजी. हर साल की तरह."

नुजहत धावत आली, मोबाईल उघडला. अ‍ॅप छातीठोकपणे सांगत होतं की छटी काल शुक्रवारी झाली, देग मोकळी आहे. चांदाची तारीख काढायला तिने दुसऱ्या कोणी लिहिलेल्या कोडची एक तयार लायब्ररी जोडली होती, आणि ती कुठल्या दूरदेशीच्या पंचांगावर चालत होती. तिथे चांद एक दिवस आधी धरला गेला. सिंदीत तो दुसऱ्या संध्याकाळी दिसला. गंमत म्हणा की फजिती, पण तो चांद नुजहतने स्वतः गच्चीवरून पाहिला होता, दुपट्टा सावरून दुवाही मागितली होती. आणि खाली येऊन पुन्हा कोड लिहायला बसली होती. डोळ्यांनी पाहिलेलं हातातल्या यंत्राला सांगावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. वर्षानुवर्षं चांदावर दिवस ठरवणाऱ्या घरातली पोर, आणि चांदाची चूक करून बसली.

चाचांनी नुसती टोपी नीट केली. ते झापण्याहून वाईट होतं.

पुनाजीच्या घरी मग शेजारपाजारच्या गंजांत, पातेल्यांत, कोणाच्या कुकरात भात लागला. कुठे कच्चा, कुठे करपका. पाहुणे जेवले तेव्हा उन्हं कलली होती. रक्षाच्या सासरच्या एका बाईने नाक मुरडलं, "भाताची वाट पाहता पाहता पोरगी म्हातारी होते का काय!"

दुसऱ्या दिवशी नुजहत फाटक ओलांडून माफी मागायला गेली. पुनाजी अंगणात डिंक निवडत होता.

"आबा, चूक माझी होती."

"अवं जाऊ दे. बस. चहा घे." मग डोळे बारीक करून म्हणाला, "तुया परीक्षेचं सांग. मी साक्ष द्याले येतो ना. अशी साक्ष देतो का मॅडम रडून देतीन! सांगतो, देग आपल्या पायानं चालत आली, मले सलाम केला, भात वाढला अन् भांडे घासून परत गेली."

"आबा..."

"बरं, सलाम काढून टाकतो. नुसती चालत आली."

नुजहत हसली नाही. क्षणभर तिला ते हवंसं वाटलं होतं. म्हातारा खुशीने खोटं बोलेल. परीक्षक नागपूरचे, त्यांना सिंदीची छटी काय माहीत! पदवी हाती येईल, चाचांचं तोंड बंद होईल. पण देग? पुढच्या चांदाला देग पुन्हा अशीच कोणाला तरी तोंडघशी पाडेल, आणि त्या दिवशी ज्याची चूल थंड राहील, त्याला काय सांगणार, की मी पास आहे?

"आबा, खरं सांगजो. देग आली नाई, भात करपला, हे सगळं."

पुनाजीने हातातला डिंक खाली ठेवला. "पोरी, तुले समजून राह्यलं का? तू नापास होशीन."

"होईन तर होईन. पन तोवर मी ते नीट करून ठेवते."

"अन् मी खरं कसं बोलू? मले सवय कुठं आहे?"

"सवय लागन, आबा. सोपं असते."

"तुले सोपं," पुनाजी पुटपुटला. "तुमाले कॉलेजात शिकवते."

मग नुजहतने कंबर कसली. गाडीत उभ्याने, मधल्या सुट्टीत, अब्बाच्या दुकानात कापसाच्या ढिगावर बसून ती एकच गोष्ट उसवत आणि शिवत राहिली. नाकावर रुई, पापणीवर रुई. जब्बारभाई म्हणत, या पोरीला आता खोळ घालून विकलं तरी गिऱ्हाईक ओळखणार नाही. तिने ती तयार लायब्ररी काढून फेकली. आता अ‍ॅप चांदाचा हिशोब करणारच नव्हतं. चांदाच्या तारखेची मागणी आली की ते दोन्ही शक्य दिवस अडवून ठेवी आणि म्हणे, "कच्चं आहे." सिंदीतल्या दोन माणसांनी आपापल्या नावाने "चांद मी पाहिला" असं दाबलं की मगच ते पक्कं होई आणि दुसरा दिवस मोकळा सुटे.

तोंडी परीक्षेच्या दिवशी पुनाजी धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा आणि तोंडावर अशी कळा घेऊन आला, जणू दात काढायला चालला आहे. बाहेरचे परीक्षक प्रभाकरराव चष्म्यावरून बघत होते. शेजारी फरहत मॅडम.

"बोला बाबा. या अ‍ॅपने तुमचं काम झालं?"

पुनाजीने फेटा सारखा केला. "नाई झालं, साहेब. चांद उशिरा आला म्हून माया नातीच्या साक्षगंधातला भात करपला."

प्रभाकरराव खो खो हसले. मागची पोरंही हसली. "वा बाबा! मजेदार माणूस आहात. आता खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो ना!" पुनाजी कळवळून ओरडला. "वाघाची गोष्ट सांगतली का लोक मान हालवते. जिंदगीत एक डाव खरं बोललो, तर हे हासून राह्यले!"

प्रभाकरराव कागदावर काही लिहायला लागले. नुजहतला दिसलं, ही साक्ष आता गंमत म्हणून पार पडणार, आणि आपण हळूच पास होऊन जाणार. फक्त गप्प बसायचं होतं.

ती उठली. "सर, ते खरं बोलत आहेत. चूक माझी होती." आणि तिने जुनं अ‍ॅप उघडून तो शुक्रवार, तो शनिवार, ती हिरवी खोटी खूण, सगळं पडद्यावर लावलं. गच्चीवर चांद पाहून खाली येऊन आपण काय केलं नाही, तेही सांगितलं. मग नवं अ‍ॅप उघडलं.

खोलीतलं हसू विरलं. प्रभाकररावांनी चष्मा पुसला. "म्हणजे यंत्राचं काम तुम्ही पुन्हा माणसावर टाकलं. आणि माणूस खोटं बोलला तर?"

"दाबणाऱ्याचं नाव सगळ्या मोहल्ल्याले दिसते, सर."

"नावाला कोण भितो? आणा इकडे." त्यांनी मोबाईल घेतला, अ‍ॅपमध्ये आपलं नाव घातलं आणि बोटाने ठकदिशी "चांद मी पाहिला" दाबलं. स्क्रीनवर आलं, "अजून एक साक्ष हवी." त्यांनी मोबाईल पुनाजीपुढे धरला. "घ्या बाबा, तुम्ही दाबा. तुमच्या पोरीसारखी आहे, तिचं काम पार पडू द्या. बघू अ‍ॅप कसं चालतं."

पुनाजीने बोट पुढे केलं. वाघाला बिडी देणारं ते बोट काचेपर्यंत गेलं आणि मागे आलं.

"नाई दाबत, साहेब."

"का?"

"मी चांद पाह्यलाच नाई ना. दिवसा बाराच्या उन्हात कुठचा चांद? अन् इथं साक्ष माया नावानं लागते." त्याने खिडकीबाहेर बघून खात्रीही करून घेतली. "तुमी पाह्यला काय?"

प्रभाकरराव गोरेमोरे झाले. त्यांचं नाव पडद्यावर तसंच चमकत होतं. त्यांनी ते पुसायला दोनदा बोट फिरवलं. ते पुसलं जात नव्हतं. फरहत मॅडमनी खाली बघून ओठ दाबले.

"हे काढता येत नाही का?"

"खोटी साक्ष मागं घेता येते, सर," नुजहत म्हणाली, "पन 'मागं घेतली' असं लिहून येते."

मग प्रभाकरराव स्वतःशीच हसले, आणि यावेळचं हसू वेगळं होतं. त्यांनी जुन्या चुकीचे गुण कापले, चांगले घसघशीत कापले, आणि खाली सही केली. पास.

संध्याकाळी कमरुद्दीन चाचांनी निकाल ऐकला, कापलेले गुणही ऐकले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दो गवाह लगते हैं ना? पहिला मी. कुठं दाबायचं ते दाखव. आणि ते अक्षर जरा मोठं कर, बेटा, चांद बारीक असते."

पुनाजीचं म्हणाल तर खरं बोलायची सवय काही लागली नाही. आठवडाभरात फाटकाजवळ तो सांगत होता की नागपूरच्या साहेबाने मले भर दिवसा चांद दाखवाले लावला, अन् मी नाई म्हनलं तर चांद स्वतःच खिडकीत येऊन म्हणाला, बरोबर बोललास पुनाजी, मी घरीच होतो.

फक्त मोहल्ल्यात कोणी त्याच्यापुढे तो मोबाईल धरला, की तो आधी मान वर करून आभाळाकडे बघतो. नीट बघतो. आणि मगच बोट पुढे करतो.