तपासून घेतली

"शेठ, एक पेन्सिल द्या. मागं रबर असलेली," कचरू म्हणाला.

बंदुकीच्या दुकानात पेन्सिल मागणारं गिऱ्हाईक धर्मराजशेठनं पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी कानावरची काढून दिली. काउंटरवर तीन जुन्या रायफली मांडल्या होत्या. कचरूनं पहिली उचलली, रिकामी असल्याची खात्री केली, नळी छताकडे करून पेन्सिल आत सोडली, रबर खाली. चाप ओढला. आतल्या पिनेनं असा दणका दिला की पेन्सिल उडून थेट पंख्याला लागली.

"दमाची हाय," कचरू म्हणाला. मग मागचा सरकता बोल्ट काढून त्यानं नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं. नखावरच्या उजेडात नळी आतून लख्ख दिसली. बोल्टावरचा आणि नळीवरचा नंबरही एकच होता. जुनी असली तरी अस्सल चीज होती आणि त्या किमतीत तर लूटच. दुसरीचा दस्ता चिरला होता, ती त्यानं बाजूला सारली.

तिसरी दिसायला नवरीसारखी होती. दस्त्याला ताजं पॉलिश, पट्टा कोरा. नखाच्या उजेडात मात्र नळीभर गंजाचे खड्डे दिसले. पेन्सिल आत सोडून चाप ओढला तर ती जागची जेमतेम हलली. कचरूनं तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

"ही बांधा," तो म्हणाला.

धर्मराजशेठ माणूस सरळ होता. "कावून वो? तिची पिन झिजलीय, स्प्रिंग मेलीय. तुमीच तर आता बघितलं. पहिली घ्या, थोडीच महाग हाय."

"हीच बांधा."

कचरू साखर कारखान्याचा फिटर. एकतीस वर्षांची नोकरी. त्यानं बेअरिंगवरून बोट फिरवून 'बरं हाय' म्हटलं की इंजिनिअर सुंदरराव डोळे झाकून सही करायचे. त्यात होमगार्डात असताना त्यानं वर्षानुवर्षं रायफली खोलून पुसल्या होत्या. म्हणून कारखान्याच्या परवान्यावर बंदूक घ्यायचं ठरल्यावर संचालक आबासाहेब म्हणाले होते, "कचरूला धाडा. स्वस्तातली पण चांगली आणंल."

त्या दुष्काळाच्या वर्षी ऊसच नव्हता, गाळप बंद होतं. कामगार घरी बसवले होते, कचरूला तेवढं तळ्यावर राखणीला ठेवलं होतं. पंचक्रोशीत पाणी उरलं होतं ते कारखान्याच्या तळ्यात, आणि ते जायचं आबासाहेबांच्या बेण्याच्या उसाला. वस्तीवरच्या बाया कुंपण वाकवून हंडे भरून न्यायच्या. मागच्या आठवड्यात आबासाहेब कचरूसमोरच म्हणाले होते, "एकीच्या पायात गोळी घातली की बाकीच्या परत येणार न्हाईत." बोलून ते चहा प्यायले. त्या माणसाला उगाच बोलायची सवय नव्हती, म्हणूनच कचरूला भीती वाटली.

"मग बिलावर 'तपासून घेतली' असं लिहा आणि सही करा," धर्मराजशेठ म्हणाले. "उद्या माज्या नावानं बोंब नको."

कचरूचा हात थबकला. हे दोन शब्द त्यानं हजारदा लिहिले होते, आणि त्यांच्याखाली भंगार माल एकदाही पास केला नव्हता. त्यानं सावकाश लिहिलं आणि सही केली.

चौथ्या दिवशी दुपारी बाया आल्या. पुढं छबुबाई, डोक्यावर दोन हंडे. त्या दिवशी नेमके आबासाहेबही तळ्यावर होते. "बघतो काय बे, उडव बार!" ते ओरडले आणि कचरूचा हात उठेना म्हटल्यावर त्यांनी रायफल हिसकावून घेतली. नळी खाली केली, छबुबाईच्या पायांच्या रोखानं.

खट्‌.

मेलेल्या स्प्रिंगचा तरी काय भरवसा! चुकून एकदा पिन बसली असती तर? आबासाहेबांनी बोल्ट ओढून पुन्हा चाप दाबला.

खट्‌.

छबुबाई भीतीनं खाली बसली होती. ती उठली, आबासाहेबांकडे बघत पाण्यात उतरली आणि हंडा बुडवला. मग बाकीच्याही उतरल्या.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी आबासाहेबांनी बिल कचरूच्या तोंडासमोर नाचवलं.

"ही सही कुणाची?"

"माजीच."

"कचरू," सुंदरराव हळू आवाजात म्हणाले, "तुला कळलं न्हाई?"

एकतीस वर्षं ज्यांनी त्याच्या बोटावर विश्वास ठेवला, तेच विचारत होते. बाकी कुणी काही म्हटलं असतं तरी चाललं असतं. कचरू खाली बघत म्हणाला, "डोळे गेले सायब." मागं कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव हजेरीतून गेलं.

पुढच्याच आठवड्यात तहसीलदारांनी तळं ताब्यात घेतलं आणि टँकर भरायला लागले. बंदुकीचं कुणाला काम उरलं नाही. पण 'कचरूची पारख गेली' हे मात्र गावागावांत पोचलं. ज्याच्या दारात शेजारपाजारचे पंप दुरुस्तीला यायचे, त्याच्या दारात आता साधी सायकलही येईना.

"लोकं काय काय बोलायलेत," मनकर्णा एका दुपारी नवऱ्याला म्हणाली. तिचे गुडघे गेलेले, म्हणून तिचा हंडा छबुबाईच भरून द्यायची. "तुमाला खरंच दिसलं न्हाई का वो?"

"दिसलं की," कचरू म्हणाला.

मनकर्णानं हंड्यातून तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला.