सिस्टरांचे हजार तास

“हे आठ तास मी धरणार नाही,” साहेब म्हणाले आणि नोंदवही मिटून त्यांनी ती सिस्टरांपुढे सरकवली.

“का हो? दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होते की मी!”

“तेच तर! दिवसभर तुम्ही सिस्टरच होतात. कुणाचं बीपी बघ, कुणाला कुशीवर वळव. प्रशासक कधी होणार?”

सिस्टरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. वृद्धांच्या या शुश्रूषागृहात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. हेच साहेब इथे नवे कारकून म्हणून आले, तेव्हा रक्ताचा थेंब बघून धाडकन आडवे झाले होते आणि त्यांच्या तोंडावर पाणी मारायला सिस्टरच धावल्या होत्या. आता प्रशासकाच्या परीक्षेला बसायचं, तर त्यांच्याच हाताखाली एक हजार तास काढायचे होते. त्यांची सही नसेल तर अर्जच पुढे सरकत नव्हता. स्वयंपाकघर झालं, भांडार झालं, लाँड्रीतल्या काकांनी तर नव्या सुनेकडून करून घ्यावं तसं चादरींच्या घड्या पुन्हा पुन्हा घालायला लावल्या. शेवटचे चाळीस तास उरले होते, त्यातले आठ हे असे वाया गेले.

“हजार तास दुसऱ्याचं ऐकायचं?” घरी नवरा म्हणाला. “तीस वर्षांच्या संसारात माझं दहा तास ऐकलं असशील!”

“तुमची सही कुठे लागते?” सिस्टर म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी दोघंही पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी लिफ्ट बंद पडली. जेवणाची ताटं खाली, अडतीस म्हातारी माणसं वर. त्यातल्या अकरा जणांना इन्सुलिन देऊन झालेलं. त्यांचं जेवण लांबून चालणार नव्हतं. सिस्टरांनी झटकन दोन ताटं उचलली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थबकल्या. अडतीस ताटं, दोन हात. हिशेब जुळेना.

ताटं त्यांनी खाली ठेवली. हात नुसते शिवशिवत होते.

“जो कोणी मोकळा असेल त्याला जिन्यात उभा करा,” त्या कडाडल्या. “एका पायरीआड एक. इन्सुलिनवाल्यांची ताटं आधी!”

माळी आला, कारकून आला, लाँड्रीतले काका आले. ताटं हातोहात वर जाऊ लागली. वरच्या कठड्यावरून एका आजींनी डोकावून पाहिलं.

“सिस्टर, तुम्ही नुसत्याच उभ्या? बरं नाही का वाटत?”

“बरी आहे हो आजी. काम करतेय!”

अकरावं ताट वर पोचलं. पण जिन्याच्या वळणावर माणूस कमी पडत होता. तिथे कारकुनाची नुसती कसरत चालली होती. तेवढ्यात गलका ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. आता हे सगळं हातात घेणार, असं वाटून सिस्टर बाजूला झाल्या.

साहेबांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या वर सारल्या.

“सिस्टर, मी कुठे उभा राहू?”

“वळणावर,” सिस्टर म्हणाल्या. “आणि साहेब, आधी हात धुऊन या.”

साहेब मुकाट्याने नळाकडे वळले.