वाळू अशी हलत नाही

मी कॅमेऱ्याखाली ठेवायची पिशवी बोलतेय. हसू नका. कॅमेऱ्याचं कौतुक सगळे करतात. तो टेकतो कशावर, याची चौकशी कुणी करत नाही.

माझी मालकीण निल्दा, ओरुरो या खाणींच्या शहरातली. गावोगावच्या जत्रांतले फोटो विकून पोट भरायची. जुन्या बाजारातून तिनं लांबचं टिपणारी, वापरलेली लेन्स आणली. पण ती इतकी जड, की हातात धरली की फोटो हललाच. ट्रायपॉडची किंमत ऐकून निल्दा आल्या पावली परतली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

मग तिच्या आईनं, बासिलियाबाईंनी, ओझं बांधायच्या जुन्या रंगीत कापडातून मला शिवलं. आधी माझ्यात वाळू भरली. ती विणीतून झिरपली, लेन्सच्या फिरत्या कड्यात शिरली आणि लेन्स कायमची अडकली. निल्दा दोन दिवस जेवली नाही. दुसरी लेन्स आणली तेव्हा बासिलियाबाईंनी माझ्या पोटात राजगिऱ्यासारख्या बारीक दाण्यांचा दोन किलो किन्वा भरला, तोही न धुतलेला, कडूजहर. "उंदीर तोंड लावणार नाही," म्हणाल्या. तेव्हापासून मी ती लेन्स तान्ह्या बाळासारखी सांभाळली.

त्या नोव्हेंबरात एका सहल कंपनीनं निल्दाला सांगितलं, की शनिवारी लाल सरोवरावरच्या रोहित पक्ष्यांचा फोटो काढ. चांगला आला तर वर्षभराचं काम तुझं. ती बुधवारी बसमध्ये बसली आणि दुपारीच रस्ता बंद झाला. खाणकामगारांनी आपल्या मागण्यांसाठी रस्त्यावर दगड रचले होते. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. लोकांनी पावांची पुडकी सोडली, पत्ते काढले.

गुरुवारी पाव संपले. शुक्रवारी पत्त्यांना कुणी हात लावला नाही. पुढच्या सीटवर एल्सा नावाची बाळंतीण होती, तिचं दूध आटलं. बाळ आधी रडत होतं, मग रडेनासं झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बायकांनी सगळ्यांची बोचकी उघडायला लावली. एकीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, यात काय?

"वाळू," निल्दा म्हणाली. "कॅमेऱ्याला लागते."

तिनं मला छातीशी ओढलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली. मी रिकामी झाले, तर उद्या पुन्हा वाळूच भरावी लागणार होती, आणि वाळू काय करते ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

शेजारी तेओदोरोआजोबा बसले होते. जन्मभर किन्वा पेरलेला माणूस. त्यांनी मला नुसतं बोटानं दाबून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वाळू अशी हलत नाही, पोरी. मी कुणाला सांगणार नाही. तू सांग."

निल्दानं मला मांडीवर घेतलं आणि दातांनीच माझी शिवण तोडली.

पुरुषांनी ओढ्यावरून पाणी आणलं. धुताना फेसच फेस, पाच-सहा पाण्यांतून काढल्यावर कडूपणा गेला. ज्यांनी दगड रचले होते, त्यांनीच पातेलं आणि सरपण दिलं. पहिली वाटी एल्साला. वाळूचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. संध्याकाळी बाळानं भोकाड पसरलं, तेव्हा अख्खी बस हसली.

त्याच रात्री रस्ता मोकळा झाला. निल्दानं रस्त्याकडेची वाळू माझ्यात भरली आणि शनिवारी सूर्य मावळता मावळता आम्ही सरोवर गाठलं. चार फोटो निघाले. पाचव्याला कडं करकरलं आणि अडकलं. उजेड सरत आला होता, त्या चारांत एकही धड नव्हता. काम दुसऱ्याला मिळालं.

आता मी फळीवर पडून आहे, पोटात तीच वाळू घेऊन. खाली निल्दा पुन्हा एकेक नाणं बाजूला टाकतेय. तिसरी लेन्स येईल तेव्हा येईल. माझं मागणं एवढंच, की मला किन्वाच भरा, कडू असला तरी चालेल. वाळू कुणाला शिजवून घालता येत नाही.